जुन्या छोट्या गाडीचं कूलंट सारखं कमी होतंय? गळती कशी शोधायची आणि कुठे थांबायचं

माझी गाडी २००४ची, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, वडिलांनी घेतलेली. मी राहतो नाशिकच्या सिडकोत, कामाला सातपूर एमआयडीसीत, म्हणजे रोजचं पळणं फार नाही, पण वर्षातून तीन-चारदा कसारा घाट आणि एकदा वणीचा गड ठरलेला. या एकाच गाडीची कूलंटची (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळती मी आजवर पाच वेळा शोधलीय आणि पाचही वेळा जागा वेगळी निघाली, शिवाय मेव्हण्याची आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी आहेच. ज्यांची गाडी पंधरा-वीस वर्षांची झालीय आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओतायची सवय लागलीय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय, कारण नुसतं पाणी ओतत राहिलं की गळती लपते आणि इंजिन आतून गंजत जातं.

आधी लक्षणं. सकाळी गाडी काढली की जमिनीवर हिरवट किंवा गुलाबी ओला डाग, बोट लावलं तर बुळबुळीत. रिझर्व्ह टाकी मिनिममच्या रेषेखाली, भरली तरी चार दिवसांत परत खाली. गाडी बंद केल्यावर बॉनेटमधून गोडसर वास, गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा काहीसा. द्वारका चौकाच्या जाममध्ये टेंपरेचरचा काटा चढतो आणि मोकळ्या हायवेला लागलं की उतरतो. थंडीत हीटर लावला तर हवा कोमट किंवा गारच येते. पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं बसतं, किंवा पायाखालची मॅट ओली लागते. यातली दोन लक्षणं जरी जुळत असली तरी पुढे वाचा.

काट्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कूलंट जवळजवळ संपलं की सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो आणि मग काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. काकांच्या बाबतीत हेच झालं, चांदवडकडून येताना काटा चढला, मग आपोआप उतरला, त्यांना वाटलं बरं झालं, आणि ते पिंपळगावपर्यंत तसेच चालवत आले. हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं. काटा चढून अचानक पडला तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची, इंजिन बंद.

हात लावायच्या आधी अजून एक. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. टॉवेल धरूनही नाही. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण बंद रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे तेच पाणी एकशे दहा अंशांनाही न उकळता राहतं. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. तास-दीड तास थांबा, वरचा होस पाईप हाताला गार लागला पाहिजे. माझ्या उजव्या मनगटावर अजून डाग आहे.

आता तपासणी, फुकटपासून सुरुवात.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका, फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. पुढची दोन चाकं कुठे येतात ते पेनाने पुठ्ठ्यावर आखा. सकाळी डाग कुठे पडला, किती मोठा, कुठल्या रंगाचा हे बघा. यातून पहिला प्रश्न सुटतो, मुळात हे कूलंट आहे का. एसी लावून आलात तर केबिनच्या पुढच्या भिंतीतल्या नळीतून स्वच्छ पाणी गळतं, बिनरंगी, बिनवासाचं, ते नॉर्मल आहे, मेमध्ये तर भरपूर गळतं. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. कूलंट वाळलं की पांढरट किंवा हिरवट पापुद्रा राहतो. अर्थात गाडीत नुसतं नळाचं पाणी भरलेलं असेल तर रंग दिसणारच नाही, म्हणून शोधाशोध करायच्या आधी निदान एकदा रंगीत कूलंट भरून घ्या, गळती बरोबर दिसते.

पण पुठ्ठ्यावरचा डाग म्हणजे गळतीची जागा नव्हे. थेंब पाईपवरून, गिअरबॉक्सवरून, क्रॉसमेंबरवरून (गाडीखालची आडवी पट्टी) ओघळत जातो आणि भलत्याच ठिकाणी पडतो, आणि गाडी चालू असताना फॅनचा वारा त्याला अजून मागे ढकलतो. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या गळतीचं मला दिसलेलं मोठं कारण हेच, थेंब पडतो त्याच्या बरोबर वर जो पार्ट दिसेल तो बदलला जातो आणि खरी जागा तशीच राहते.

दुसरी फुकट तपासणी म्हणजे वेळ. गळती कधी होते? जानेवारीत पहाटे गारठ्यात होते आणि गाडी गरम झाली की थांबते, तर बहुतेक वेळा होस पाईपचा जोड. जुनं रबर कडक झालेलं असतं, थंडीत आकसतं, क्लिप ढिली पडते, मग गरम झाल्यावर फुगून परत घट्ट बसतं. असल्या गाडीला दुपारी गॅरेजला नेलं तर मेकॅनिकला काहीच दिसत नाही आणि तो 'काही नाही साहेब' म्हणून परत पाठवतो, त्याची चूक नसते. उलट घाट चढतानाच किंवा लांबच्या प्रवासातच कमी होत असेल तर दाब आल्यावर उघडणारी जागा शोधायची, म्हणजे कॅप (रेडिएटरचं झाकण), रेडिएटरच्या टाकीचा जोड, पंप (कूलंट फिरवणारा). हे एवढं जरी लिहून ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

तिसरं, कॅप. इंजिन गार असताना काढा आणि रबर नीट बघा. रबराला चरे पडलेत का, कडेला दाबून सपाट झालंय का, स्प्रिंग गंजलीय का. कॅपचं काम दोन्ही बाजूंनी असतं. दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला, कॅपवर ०.९ किंवा १.१ असं कोरलेलं असतं, की ती जास्तीचं कूलंट रिझर्व्ह टाकीत सोडते, आणि इंजिन गार झालं की मधला छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच कूलंट परत आत ओढते. हा छोटा व्हॉल्व्ह अडकला तर गंमतच होते, टाकी काठोकाठ भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. म्हणून नुसती टाकी बघून समाधान मानू नका, गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा, कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. सकाळी वरचा होस पाईप चपटा होऊन आत ओढल्यासारखा दिसला तर तोही कॅपचाच पुरावा. कॅप शे-दोनशेच्या घरात मिळते, घेताना जुनी बरोबर न्या आणि आकडा तोच मागा. जास्त आकड्याची 'हेवी' कॅप लावू नका, जुन्या रेडिएटरला तेवढा दाब सोसत नाही.

रिझर्व्ह टाकी आणि तिची बारीक नळी लगेच बघून होते. प्लॅस्टिक पिवळं पडून तळाला केसासारखी चीर जाते. नळी तुटली असेल तर कॅप नवी असूनही कूलंट परत यायचं नाही, नुसती हवा ओढली जाईल.

आता होस पाईप आणि क्लिपा, यात जरा वेळ घाला. प्रत्येक पाईप हाताने दाबून बघा. चांगला पाईप दाबला की लगेच परत येतो. वाईट पाईप एकतर लाकडासारखा कडक असतो, किंवा पिकलेल्या केळ्यासारखा मऊ, किंवा दाबल्यावर आत कुरकुर आवाज येतो. जोडाजवळ फुगवटा दिसला की बदलून टाका. मोठे दोन पाईप सगळेच बघतात, गफलत होते ती लहान पाईपांत. हीटरला जाणारे दोन, आणि इनटेकच्या (इंजिनात हवा नेणारा भाग) खालून जाणारा बोटभर लांबीचा बायपास पाईप.

माझी तिसरी गळती याच बोटभर पाईपातली. डाग पडायचा डाव्या बाजूला गिअरबॉक्सखाली. एका गॅरेजमध्ये रेडिएटर बदलून झाला, तीन आठवडे बरे गेले, कारण नवं कूलंट काठोकाठ भरलं होतं, आणि मग पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी मी इंजिनची ती सगळी बाजू आधी पाण्याने, मग फडक्याने कोरडी केली आणि घरातली टाल्कम पावडर डब्यातून हलकीच फुंकून सगळीकडे बसवली. गाडी चालू करून बॉनेट उघडं ठेवलं. वीस मिनिटं काहीच नाही. फॅन दुसऱ्यांदा लागला आणि मग टॉर्चच्या उजेडात त्या पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ उमटायला लागली, इनटेकच्या खालून, मुंगी चालावी इतक्या हळू. इंजिन बंद केलं आणि दाढीचा छोटा आरसा पाईपच्या मागे सरकवला, तर मागच्या बाजूला, जी समोरून कधीच दिसत नाही, वाटाण्याएवढी हिरवी खपली होती. पाईप पावणेदोनशेचा. रेडिएटरला घातलेले पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून पावडर आणि आरसा ही माझी पहिली हत्यारं आहेत. एकच काळजी घ्या, इंजिन चालू असताना बेल्ट आणि फॅनजवळ हात, बाही, गळ्यातला गमछा काहीच नको. इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होतो, बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावरसुद्धा.

क्लिपांबाबत, स्क्रूवाली क्लिप ताकद लावून आवळू नका, पत्र्याची कड रबरात घुसते आणि सहा महिन्यांत तिथेच पाईप कापला जातो. शिवाय रेडिएटरचं नळकांडं प्लॅस्टिकचं असेल तर तडकतं. पाईप काढलाच आहे तर आतल्या नळकांड्यावरचा पांढरा क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर नवा पाईपही तिथून झिरपेल. पाईप बदलायच्या आधी कूलंट गार असताना खाली टबमध्ये काढून घ्यायचं हे सांगायला नको. पण गटारात किंवा बागेत ओतू नका, उघडं ठेवू तर अजिबात नका. कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या प्रमाणातही मरतात. लहान मुलं घरात असतील तर कॅन कुलुपात.

रेडिएटर. आधी समोरून पाण्याच्या हलक्या धारेने जाळीतली माती आणि किडे काढा, जोरात प्रेशरने नको, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आडव्या होतात. मग जाळी आणि वरची-खालची प्लॅस्टिक टाकी जिथे पत्र्याने दुमडून बसवलेली असते ती शिवण बघा, तिथे ओळीने खपली असेल तर गळती सापडली. तळाचा ड्रेन प्लगही बघा, कधीकधी नुसती त्याची रबर रिंग गेलेली असते. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर चांगला रेडिएटरवाला डाग देऊन वर्षानुवर्षं चालवून देतो. अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर एम-सील लावून दिवस काढता येतात, भरवसा ठेवता येत नाही, बदललेलाच बरा.

इथे हळदीचा विषय काढतो कारण दर वेळी कोणीतरी सांगतंच. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक गळती थांबते हे खरं आहे, ट्रकवाले पूर्वीपासून करत आलेत, आणि रात्री घाटात अडकलात, जवळ दुसरं काही नाही तर घरी पोचण्यापुरतं समजू शकतो. पण ती हळद फक्त भोकात जात नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्येही बसते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरीचं आणि लिक्विडचंही तेच. मेव्हण्याच्या गाडीत कोणीतरी दोनदा टाकलं होतं, रेडिएटर काढला तर खालच्या नळ्यांत पिवळा गाळ घट्ट झालेला, गळती बंद आणि गाडी गरमच.

यानंतर वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकातून ओघळ दिसला की सील गेलं, भोक बंद करायचं नाही, पंप बदलायचा. इंजिन बंद असताना पुली हाताने हलवून बघा, खेळ लागला किंवा चालू असताना घरघर येत असेल तर बेअरिंगही जातंय. तुमचा पंप बाहेरच्या बेल्टवर चालत असेल आणि पान्यांचा सराव असेल तर एका सुट्टीत होणारं काम आहे. पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असेल तर इथेच थांबा. टायमिंगचा एक दात चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात आणि पंपाचं काम इंजिनच्या कामापर्यंत जातं. मेकॅनिककडे द्या आणि त्याच वेळी टायमिंग बेल्टही बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

थर्मोस्टॅटचं (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) अ‍ॅल्युमिनियमचं घर पण बघा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेल्या गाड्यांत त्याची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली असते, मग नवं पॅकिंग टाकूनही झिरपतं. थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी गार राहते असा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, कृपा करून ऐकू नका. तो नसला की इंजिन बराच वेळ गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ गळती आहे तिथेच राहते.

एवढं सगळं बघून कोरडंच दिसतंय आणि तरी पातळी उतरतेय, तर प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला म्हणजे गळती नक्की, मग ती बाहेरची असेल तर कुठूनतरी दिसते. इंजिन गार असतानाच करता येते हा याचा मोठा फायदा. हा पंप सगळ्या गॅरेजमध्ये नसतो, म्हणून आधी फोन करून विचारा.

आणि आता जिथे स्वतः हात घालायचा नाही ते. मॅट ओली आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटर कोअर (हीटरच्या आतला छोटा रेडिएटर) गळतोय, त्यासाठी डॅशबोर्ड उकलावा लागतो, काम वेळखाऊ आहे, नेहमी करणाऱ्याकडेच द्या. इंजिन ब्लॉकवर गोल पत्र्याच्या टिकल्या असतात, गंजून भोक पडतं, त्यातली एखादी गिअरबॉक्सच्या मागे असली तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग). खुणा अशा: गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होस दगडासारखा ताठ होतो, झाकण उघडं ठेवून चालू केलं तर बुडबुडे थांबतच नाहीत, गाडी पूर्ण गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाच मिनिटं पांढरी वाफ येणं नॉर्मल आहे, आणि रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर जमतो तोही, घाबरू नका, डिपस्टिक बघा. पण ऑइलच दुधाळ झालं असेल तर गाडी चालू करू नका, टोइंग करूनच न्या, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. हेड उघडलं की ते लेथवाल्याकडे पाठवून सपाट आहे का हे तपासायचा आग्रह धरा, गरज असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं). नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं, काकांच्या गाडीचं तसंच झालं आणि दुसऱ्यांदा पाच आकडी बिल आलं.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल्ल गरम आणि ब्लोअर फुल्ल, काचा खाली, जागा मिळेल तिथे बाजूला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, थोडी उष्णता तो बाहेर काढतो. घाटात वळणावर थांबू नका, पण 'इगतपुरीपर्यंत जाऊ' असंही म्हणू नका. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, थांबणं हाच उपाय.

दुरुस्ती झाल्यावर भरायची पद्धत चुकली तर आत हवा अडकते आणि परत गळतीसारखीच लक्षणं दिसतात. गाडी थोड्या चढावर लावा, तोंड वर. हीटर फुल्ल गरम. तयार मिक्स कूलंट घेतलंत तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी बादलीला, गीझरला जो पांढरा थर देतं तोच आत देतं. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू करा, हळूहळू ओतत रहा, मधेमधे होस दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. कूलंट तोंडापर्यंत फुगून यायला लागलं की झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. फॅन लागलाच नाही तर गळती नसतानाही उकळून टाकीतून बाहेर जाईल, तेव्हा इंजिन बंद करून फॅनचा फ्यूज आणि स्विच आधी बघा.

पहिले तीन दिवस रोज सकाळी गार असताना पातळी बघा, पहिल्या दिवशी थोडी उतरते कारण राहिलेली हवा निघते. टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख घाला, खाली पुठ्ठा असू द्या. रेघ तिथेच राहिली तर एक लांब चक्कर मारून या, मी त्र्यंबकला जाऊन येतो, आल्यावर गाडी त्याच पुठ्ठ्यावर लावा आणि सकाळी पुन्हा बघा.